मोटरीची केबल आणि पाच स्पीकर

दुष्काळाच्या त्या वर्षी ऊसच नव्हता, त्यामुळे आमचा सहकारी साखर कारखाना पेटलाच नाही. इलेक्ट्रिक खात्यातला मी घरी बसलो. बसलो कसला, दिवसभर हातात टेस्टर घेऊन फिरत होतो. पंखा उघडला, मिक्सर उघडला. शिलाई मशीन मात्र बायकोनं आधीच कुलपात ठेवलं.

तशात पुण्याच्या मेव्हण्यानं जुना होम थिएटरचा रिसीव्हर आणि पाच स्पीकर पाठवले. वायर मात्र नाही. पोटमाळ्यावर, आटलेल्या बोअरमधून काढलेल्या मोटरीची केबल वेटोळं घालून पडली होती. जाड, चपटी, आत लाल-पिवळ्या-निळ्या तारा. एवढं तांबं नुसतं पडलंय! बायको डेअरीला दूध घालायला गेल्याचं पाहून मी पक्कड घेतली आणि केबलचे पाच तुकडे केले.

तारा रिसीव्हरच्या चिमट्यांत मावेनात. ब्लेडनं तासून बारीक केल्या, गाणं लावलं, तर ढोलच गायब. शेजारचा थोरला चुलतभाऊ दारात उभा राहून ऐकत होता.

"का बे, ढोलवाला चारा छावणीत गेला का?"

मी रिसीव्हरला शिव्या घातल्या, मेव्हण्यालाही घातल्या. मग दिसलं, की पाचांतल्या दोन स्पीकरांना रिसीव्हरच्या बाजूनं लाल तार अधिकला आणि स्पीकरच्या बाजूनं पिवळी तार अधिकला, असं मीच जोडलं होतं. एक स्पीकर हवा ढकलतोय, दुसरा ओढतोय, ढोल मधल्यामधे गायब. आणि मी इलेक्ट्रिक खात्यातला! तारा बदलल्या आणि ढोल असा आला, की मांडणीवरची ताटं थरथरली.

त्याच दणदणाटात बायको धावत आली.

"अहो, माजलगावच्या धरणाचं पानी कालव्याला सोडलंय! कडंच्या बोअरांना पाझर लागलाय. मोटर आजच बोअरात सोडा. चाऱ्याचा घास भिजला तर म्हैस राहील, न्हाई तर उद्याच्या बाजारात..."

ती थांबली. तिची नजर केबलच्या मागं मागं भिंतभर फिरली.

"ही आपल्या मोटरीची हाय?"

"होती," मी म्हणालो.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उंबऱ्यावर बसली. घर तेव्हा त्या म्हशीच्या दुधावरच चाललं होतं.

"कावून तोडली बे?" चुलतभाऊ माझ्यावर खेकसला. "तुकडे जोडले तरी जोड पान्यात गेला की मोटर गेली. लई हुशार तू!"

पाणी किती आहे ते बघायला दोरीला दगड बांधून बोअरमध्ये सोडला. पाणी बरंच वर आलं होतं. मागच्या स्पीकरला दारावरून वळसा घालून नेलेला तुकडा सगळ्यांत लांब होता. तो पाण्यात, जोड वर कोरड्यात, असं ठरलं आणि तुकडा पुरला तिथवर, म्हणजे अर्ध्याच खोलीवर, मोटर लटकवली. स्टार्टर दाबला. पाइप खोकला, गाळ आला, मग पाणी. घासाचा एक वाफा भिजतो न भिजतो तोच मोटर हवा ओढू लागली. बंद केली. पाणी चढेपर्यंत थांबायचं, पुन्हा चालू करायची.

"म्हैस?" मी हळूच विचारलं.

"ठिवते," बायको म्हणाली. "पन बटनापासून हलायचं न्हाई तुमी."

कालवा बंद होईस्तोवर मी त्या स्टार्टरशेजारी बाजेवर होतो. जरा पाय मोकळे करावेत म्हणून उठलो, की पाइप हवेनं गुडगुडायला लागायचा.