अकरावं घर रिकामं

जगात वाजणाऱ्या प्रत्येक वस्तूला आपल्याशी काहीतरी बोलायचं असतं, असं अगदी मनापासून मानणारी एकच बाई मी पाहिली आहे, आणि ती माझी धाकटी मावशी आहे. ती टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून तीसेक वर्षं अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देत बसली, त्यामुळे निवृत्तीनंतर कान मोकळा ठेवणं तिला जमेचना. बोरिवलीला पाचव्या मजल्यावर ती एकटी राहते. मागची भिंत संपली की थेट नॅशनल पार्कचं जंगल. शेजारणीचा कुकर पेटीवरच्या काळी दोनच्या सुरात शिट्टी देतो हे ती जिन्यात उभी राहून सांगते. फ्रीज दुरुस्त करायला आलेल्या माणसाला ती म्हणाली होती, "गार होतोय तेवढा होऊ दे, पण पूर्वीसारखा घुमत नाही, ते बघा." तो पुन्हा आला नाही. एकदा तिनं सोसायटीकडे लेखी तक्रार केली, की लिफ्टची घंटी आणि तळमजल्यावरच्या डॉक्टरांची बेल एकमेकींशी भांडतात. सेक्रेटरी हसले. मावशीनं गुपचूप डॉक्टरांना नवी बेल आणून दिली आणि डॉक्टरांनी ती मुकाट्यानं बसवलीही. मावशीला नाही म्हणण्यापेक्षा बेल बदलणं सोपं असतं.

अशा बाईच्या डोक्यात यंत्रावरचं संगीत शिरलं यात नवल नव्हतं. आमचा जीव घेतला तो तिच्या एका प्रश्नानं: सिंथेसायझर घ्यावा की सीक्वेन्सर? दीड वर्ष ती हाच प्रश्न भेटेल त्याला विचारत होती. मी घाटकोपरहून तिच्याकडे गेले की चप्पल काढायच्या आत सुरुवात. "हे बघ गो बाय, सिंथ म्हणजे गळा. बटणं पिळायची नि हवा तसा आवाज काढायचा, भजीच्या पिठासारखा सैल नाहीतर घट्ट. सीक्वेन्सरला स्वतःचा आवाजच नाही. पण कुठल्या घरात कुठला सूर बसवलाय ते तो लक्षात ठेवतो आणि गळ्याकडून म्हणवून घेतो. आता तूच सांग, माणसानं काय घ्यावं?"

"दोन्ही घे ना."

"दोन्ही घेतले तर मी काय करू? बघत बसू?"

 एकदा दारावर येणारी मासेवाली पापलेट कापता कापता म्हणाली, "आवाज घ्या बाई, ध्यानात ठेवायला आपण हाये की." त्या दिवशी मावशीनं तिला बसवून चहा पाजला.

शेवटी अंधेरीच्या एका दुकानदारानं हात टेकले. जुनी वाद्यं घेणारा-विकणारा दाढीवाला माणूस. मावशी दर आठवड्याला त्याच्या दुकानात जाऊन दोन दोन तास उभी राहायची. तो म्हणाला, "मावशी, दोन्ही घरी न्या. पंधरा दिवस वापरा. एक ठेवा, एक परत आणा. पण आता प्लीज ठरवा." सिंथ कोरा होता. सीक्वेन्सर जुना, कुणीतरी बराच वापरलेला, कडेचा रंग बोटांनी उडालेला. त्यावर एका ओळीत सोळा बटणं, म्हणजे सोळा घरं, आणि सुरू केला की एक लाल दिवा त्या घरांवरून चालत जायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. एरवी ती "बोला, ऐकतेय" म्हणते, अगदी स्वतः फोन केलेला असला तरी. या वेळी नुसतं म्हणाली, "त्याच्या पोटात कुणाचं तरी गाणं आहे."

आधीच्या मालकानं पुसायचं राहून गेलेलं असणार, मी म्हटलं. तू पूस आणि तुझं भर.

"पुसू कशी? ते अर्धं आहे. पंधरा घरांत सूर आहेत, अकरावं रिकामं. आणि गो, त्या रिकाम्या घरात कुणीतरी वाजवतंय."

मी हसले. रविवारी गेले तेही हसतच. मावशीनं मला पलंगावर बसवलं, खिडकी लावली, पंखा बंद केला आणि घड्याळात चार वाजायची वाट बघत उभी राहिली. "चार वाजताच होतं. पाचला लावलं तर नुसतं रिकामं जातं." तिनं बटण दाबलं. फार साधी, संथ चाल होती, कुणीतरी जिना उतरताना मनाशी गुणगुणावी तशी. दिवा एकेक घर चालत गेला. नववं, दहावं, मग अकराव्यावर शांतता. आणि त्या शांततेत, बरोबर मधोमध, मागच्या भिंतीतून आवाज आला. टक्.

चाल पुढे गेली, सोळा घरं झाली, पुन्हा पहिल्यापासून. अकरावं आलं. टक्.

बोटाच्या पेरानं भिंतीवर मारावं तसा आवाज. मी उठून भिंतीला कान लावला. पलीकडे घर नाही, गॅलरी नाही, पाइपसुद्धा नाही; पाच मजल्यांची हवा आणि खाली झाडं. भिंत गार होती. टक् माझ्या कानाखालीच वाजलं आणि मी अशी मागे आले की पलंगाला आपटले.

"वाट लागली," मी म्हटलं. "मावशी, बंद कर ते."

"बंद कशाला?" ती हळूच म्हणाली. "कुणीतरी कुणाला तरी लावतंय. लाइन लागत नाहीये, एवढंच."

मी मोबाइल काढून ते टेप करायला लागले, तर तिनं माझा हात धरला. ऑपरेटरचा धर्म तिनं कधी सोडला नाही: दुसऱ्याचं बोलणं कानावर पडलं तर पडलं, पण ते ठेवून घ्यायचं नाही. लिहूनही काढायचं नाही. "डोक्यात राहिलं तर माझा इलाज नाही."

तिनं दुकानदाराला फोन केला. त्यानं सांगितलं, की यंत्र मुलुंडच्या एका गृहस्थांकडून आलं. मुलगा गेला, त्याचं सामान त्यांनी काढून टाकलं. आणि स्क्रीनवर बॅटरीची खूण लुकलुकते आहे ना, तर आतली बॅटरी संपत आली आहे. संपली की सगळं पुसलं जाणार, आणि बदलायला उघडलं तरी पुसलं जाणार. सध्या विजेवर चालू आहे म्हणून टिकलं असेल. मग मावशीनं चार दिवस ते यंत्र बंद केलं नाही. फ्यूज उडेल म्हणून मिक्सर नाही, गीझर नाही, इस्त्री नाही. बाई गार पाण्यानं आंघोळ करून पाट्यावर चटणी वाटत बसली. दुकानदारानं त्या गृहस्थांना विचारून पत्ता दिला. त्यांचे गुडघे गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ते येऊ शकत नव्हते. यंत्रालाच जावं लागणार होतं, तेही वायर काढून, उरल्यासुरल्या बॅटरीच्या भरवशावर.

आम्ही टॅक्सी केली. बोरिवली आणि मुलुंड नकाशावर पाठीला पाठ लावून बसलेत, मध्ये फक्त जंगल. पण जायचं तर सगळ्या जंगलाला वळसा. मावशी यंत्र मांडीवर घेऊन बसली होती, दवाखान्यात न्यायच्या लेकरासारखं; सिंथ डिकीत होता. वाटभर तिचे ओठ हलत होते, पंधरा घरं पुन्हा पुन्हा म्हणत असल्यासारखे.

काकांनी दार उघडलं. पंचाहत्तरीचे, दाढी वाढलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, आम्ही येणार म्हणून घातलेला असावा. मुलाची खोली त्यांनी दाखवली. टेबल, खुर्ची, बाकी काही नाही. "मला त्यातलं काही कळत नाही हो," ते म्हणाले. "सामान बघवेना, म्हणून देऊन टाकलं. मग मोकळी खोली त्याहून बघवेना." मुलगा दोन वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या तापात गेला होता.

मावशीनं टेबलावर वायरी जोडल्या, यंत्र सुरू केलं. स्क्रीन उजळला. सोळाच्या सोळा घरं रिकामी होती.

मी मावशीकडे पाहिलं. बॅटरीनं वाटेतच मान टाकली होती. काका दारातच उभे.

"लागत नाही का?"

"लागतंय हो," मावशी म्हणाली, त्या जुन्या, शांत, ऑपरेटरच्या आवाजात. "जुनं मशीन आहे. जरा वेळ घेतं. तुम्ही बाहेर बसा ना, तिथूनच ऐकायचात ना तुम्ही?"

काका चमकले, पण वळून बाहेरच्या खोलीत गेले. मावशीनं डोळे मिटले आणि एकेक सूर भरायला घेतला.  दोनदा थांबली. तेराव्यापाशी फार वेळ थांबली. अकराव्याला हात लावला नाही. मग तिनं बटण दाबलं.

पहिली फेरी गेली. अकराव्यावर काहीच नाही. दुसऱ्या फेरीत दिवा दहाव्यावरून पुढे सरकला आणि भिंतीच्या पलीकडून, बाहेरच्या खोलीतून, टक् झालं. पुढच्या फेरीत पुन्हा. त्यानंतरच्या फेरीत भिंतीपलीकडे कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं.

चहा मीच केला. कप हातात घेऊन काका बोलायला लागले. "दुपारी चारला सुरू करायचा. माझी झोप मोडायची. मी उठून भिंतीवर मारायचो, बंद कर म्हणून. तर एके दिवशी बाहेर येऊन हसत म्हणतो, 'बाबा, अकराव्यावर मारा ना, तिथं तुमच्यासाठी जागा ठेवलीय.' मी आणखीच चिडलो." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खांद्याच्या उंचीवर रंगाचा एक ठिपका झिजून गुळगुळीत झाला होता. "त्याच्यानंतरही सवय जात नाही बघा. चार वाजले की हात आपोआप जातो. रोज. मोकळ्या खोलीला टकटक करतो मी, वेड्यासारखा."

मी आणि मावशीनं एकमेकींकडे बघितलं नाही. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि आज काकांचा हात भिंतीकडे गेला नव्हता.

दोन्ही यंत्रं मावशीनं तिथंच ठेवली; दुकानदाराला दोन्हींचे पैसे देऊन कळवून टाकलं, की परत काही येणार नाही. काकांना सुरू-बंद शिकवलं, आणि बटण बंद असलं तरी वायर काढायची नाही हे तीनदा बजावलं. आता ती दर शनिवारी जंगलाला वळसा घालून मुलुंडला जाते, काकांच्या हातचा अतिगोड चहा पिते आणि येते. सिंथ की सीक्वेन्सर हे तिनं पुन्हा कुणालाही विचारलं नाही. तिच्या घरी आता त्या भिंतीतून काही येत नाही. मी मुद्दाम दोनदा चार वाजता जाऊन बसले होते.

पण त्या दिवशी परत येताना, टॅक्सी पवईच्या चढाला लागली तेव्हा, तिनं माझा हात धरून विचारलं होतं, "तेराव्या घरातला गंधार कोमल होता ना गो? की शुद्ध?" त्यानंतरही अधूनमधून विचारते, भाजी निवडताना, फोन ठेवता ठेवता. काकांना ते कधीच कळणार नाही, आणि ज्याला माहीत होतं त्याला विचारता येत नाही. मला सुरांतलं ओ की ठो कळत नाही हे मावशीला चांगलं ठाऊक आहे. तरी मी म्हणते, "कोमलच होता गं, बरोबर लावलास." मग ती "हं" म्हणते, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा विचारते.