मामाचा चुकलेला सूर

माझा मामा इस्पितळाच्या शिवणखोलीत शिंपी. तीस वर्षं त्याने डॉक्टरांचे एप्रन शिवले आणि तीस वर्षं दर रविवारी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला, तोही निव्वळ कानावर. एकदा ऐकलं की वाजवलंच! मग नवे बँडमास्तर आले आणि म्हणाले, "महिन्याभरात ज्याला कागदावर लिहिलेले सूर वाचता येणार नाहीत, त्याने वाद्य जमा करायचं."

मामाचं तोंड एवढंसं झालं. बँड सुटला तर हा माणूस खचणार, हे मामीला आणि मला न सांगता कळलं. मी शाळेत व्हायोलिन शिकलेली, म्हणून शिकवणी माझ्या गळ्यात पडली. आणि मी काही गोड बोलणारी मास्तरीण नव्हे.

कापड बेतायच्या टेबलावर मामाने खडूने, सूर लिहायला कागदावर असतात तशा, पाच रेघा ओढल्या. त्यांवर मी बटणं मांडायची, त्याने सूर ओळखायचा. लबाड कसला! मी नकळत गुणगुणले की याचं उत्तर अचूक.

"मामा, कान बंद, डोळे उघडे!" मी खेकसायचे.

"अगं, साठीला आलो, किती छळशील?" म्हणायचा आणि पुन्हा बटणांवर वाकायचा.

मामी म्हणायची, "लग्नात माझ्याकडेसुद्धा एवढं टक लावून पाहिलं नव्हतं ह्यांनी."

परीक्षेला मी सोबत गेले. मास्तरांनी बँडचीच जुनी धून स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून आणली होती. तिघा ट्रम्पेटवाल्यांपुढे सारखाच कागद. वाजवणं छान चाललं होतं, आणि मध्येच एक ट्रम्पेट भलतीकडेच गेला. मामाचा! मागचे खुसखुसले.

मास्तरांनी हात वर केला. "कोण चुकलं?"

मामा उभा राहिला. "मी वाजवलं. कागदावर तेच आहे."

मास्तरांनी कागद पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. उतरवताना त्यांनीच एक सूर एक रेघ वर मांडला होता. ते बाकीच्या दोघांकडे वळले. "मग तुम्ही काय वाचत होतात?"

दोघंही आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

"बसा," मास्तर मामाला म्हणाले. "जागा तुमचीच."

येताना मी विचारलं, "सूर चुकतोय हे तुला ऐकू नाही आलं?"

"आलं की! तीस वर्षांची धून, जीव नुसता कळवळला माझा."

"मग वाजवलास कशाला?"

"तूच म्हणालीस ना, कान बंद."

ट्रम्पेटची पेटी त्याच्या हातातून घेतली आणि घरापर्यंत मीच उचलली.