ठणठणीत कोंबड्यांची आक्का

वडगावच्या आमच्या गल्लीत आक्का प्रत्येक कोंबडीला नावानं हाक मारायच्या, आणि नेमकी तीच कोंबडी धावत यायची. घरातले माग विकले गेले तेव्हा रिकाम्या झालेल्या खोलीत त्यांनी कोंबड्या ठेवल्या. म्हणायच्या, "खटखट थांबली, आता घर खायाला उठतंय. ह्यांचा तेवढाच आवाज."

कोणी आलं की एखादी कोंबडी उचलून तिचा तुरा दाखवायच्या. "बघ की, कसा लालभडक हाय! माझी कोंबडी कवा पेंगलेली बघितलीस व्हय?"

मी शाळेत शिकवायला जायची तेव्हा माझी चार वर्षांची मुलगी त्यांच्याकडेच असायची. पिल्लू गालाला लावून बसायची, त्याचे मुके घ्यायची. एका उन्हाळ्यात तिला ताप चढला, जुलाब सुरू झाले, मग त्यात रक्त दिसलं. दवाखान्यात सलाईन लावलं. पोरगी डोळेसुद्धा उघडेना.

डॉक्टरांनी विचारलं, "कोंबड्यांत खेळते का?"

आक्का डबा घेऊन तिथंच उभ्या होत्या. "पण डॉक्टर, माझ्या कोंबड्या ठणठणीत हाईत!"

"असणारच. हे जंतू कोंबडीच्या पोटात राहतात, तिला काही होत नाही. विष्ठेतून पिसांना, अंड्यांना लागतात. लहान मुलांना मात्र बाधतात."

मी आक्कांकडे वळले. "तुमच्या लाडांपायी माझी पोरगी गेली असती."

डबा स्टुलावर ठेवून त्या निघून गेल्या.

पोरगी बरी झाली. आम्ही घरी आलो तोवर आक्का एकट्याच पुन्हा डॉक्टरांना भेटून सगळं विचारून आल्या होत्या. खोलीतलं खुराडं परसाच्या टोकाला गेलं होतं, तिथल्या चपला वेगळ्या झाल्या होत्या, दाराशी बादली आणि साबण आला होता. रोज दुधात कच्चं अंडं फेटून पिणाऱ्या आक्का आता अंडं घट्ट उकडून खाऊ लागल्या. गल्लीतल्या थोरामोठ्यांनाही सोडायच्या नाहीत. "आदी साबण! दिसाय चांगली म्हणून तिच्या पोटातलं कळतंय व्हय?" माझी मुलगी धावत आली, की दोन्ही हात पाठीमागं घ्यायच्या. "थांब गं बाई, हात धुऊ दे." कित्येक महिने त्यांनी तिला उचलून घेतलंच नाही. मला ते दिसत होतं, तरी "घ्या की तिला" असं मी कधी म्हटलं नाही.

पुढं गुडघे थकले, तशी त्यांची लेक त्यांना सदलग्याला घेऊन गेली. मी भेटायला गेले तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. ती आमची शेवटची भेट.

"आक्का, दवाखान्यात मी तुम्हाला बोलले ते..."

"कवा? मला न्हाय आठवत."

लेक चहा करायला आत गेली. आक्कांनी माझा हात धरला.

"खरं सांगू? डबा ठेवला आणि जिन्यात बसून लई रडले बघ. तुझ्या बोलण्यानं न्हाय गं. पोरगीनं मला बघून डोळं उघडलं न्हाईत, म्हणून."