अर्ध्या गडावरून परत

मला माझ्या कानांचा भरवसा वाटेनासा झाला, तिथून हे सगळं सुरू झालं. नांदेडच्या एका सरकारी रुग्णालयात मी चोवीस वर्षं प्रसूती कक्षात काढली होती. डॉक्टर जवळ नसतानाही साधं बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडता यावं, यासाठीचं वरचं प्रशिक्षणही मी चाळिशी ओलांडल्यावर पूर्ण केलं होतं. नव्या मुली मला 'ताई' म्हणायच्या आणि अवघड वेळी माझ्या तोंडाकडे बघायच्या. एके दुपारी नायगावकडची एक पहिलटकरीण माझ्याकडे होती. बाळाचे ठोके मी स्वतः ऐकले, कागदावर लिहिले, सगळं ठीक होतं. अर्ध्या तासाने पुन्हा कान लावला तेव्हा तिथे काहीच नव्हतं. नाळेला पीळ पडला होता. चौकशी झाली, कुणाचीच चूक नाही असा निर्वाळा आला. मोठ्या डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की हे कुणालाच थांबवता आलं नसतं. पण त्या बाईने जाताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला काही तो निर्वाळा दाखवता येत नव्हता.

त्यानंतर माझं काम आतून बदललं. एकदा ऐकलेले ठोके मी तीन-तीनदा ऐकू लागले. जे मी झोपेतही केलं असतं त्यासाठी डॉक्टरांना हाका मारू लागले. एकदा तरुण डॉक्टरच म्हणाले, "सिस्टर, आता तुम्हीच मला बोलावणार? मग मी कुणाकडे बघू?" ते हसून बोलले होते, पण मला रडू आलं. त्याच सुमारास लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजातून विचारणा झाली. शिकवण्याचं काम, ठरलेली वेळ, स्वतंत्र खोली. घरी आमचे हे शिक्षक आहेत, ते म्हणाले, "शिकवणं वाईट नाही. पण तू तिकडे चाललीयस का इकडून पळून चाललीयस, तेवढं एकदा स्वतःला विचार." मैत्रिणी म्हणाल्या, पुष्कळ उभी राहिलीस, आता खुर्ची घे. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून मी पर्समध्ये ठेवला. सोमवारी लातूरला होकार कळवायचा होता. शनिवारी मी एकटीच माहूरला निघाले. रेणुकामाता आमची कुलदेवता. सासूबाई गेल्यापासून गडावर जाणं झालंच नव्हतं. आईसमोर उभं राहून विचारीन, ती सांगेल तसं करीन, असं मी मनाशी म्हणत होते. खरं तर मला तिचा कौल नको होता, परवानगी हवी होती.

एसटी पहाटेची होती. भोकर मागे पडलं तसं धुकं इतकं दाटलं की रस्त्याकडेची झाडं एकेक करून यायची आणि विरघळून जायची. मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. जागी होते की झोपेत, सांगता येत नाही. मध्येच वाटायचं, बस पुढे जातच नाहीये, धुकंच आपल्या अंगावरून वाहतंय. माहूरला उतरले तेव्हा ऊन यायला हवं होतं, पण गड दिसतच नव्हता. पायऱ्या वर जाऊन पांढऱ्यात नाहीशा होत होत्या. वरून घंटेचा आवाज यायचा, उतरणारी माणसं आधी बोलणं होऊन यायची आणि मग माणसं व्हायची. मी उपाशी होते, पाणीही न घेता निरंकार जायचं ठरवलं होतं. निम्म्या पायऱ्या चढल्यावर कानांत गुणगुण सुरू झाली. तरी मी चालतच होते. तेवढ्यात डाव्या बाजूने कुणीतरी अगदी घरच्या माणसासारखं म्हणालं, "बस की बाई. कुठं निघालीस इतकी?"

मी थांबले आणि थांबल्याबरोबर पाय गेले. डोळे उघडले तेव्हा एका म्हातारीच्या ताडपत्रीखाली मी पोत्यावर बसले होते. ती तांबूल विकणारी होती. आईच्या प्रसादाचा विडा लोखंडी खलबत्त्यात कुटून द्यायची. तिने माझ्या तोंडाला पाणी लावलं, हातावर गुळाचा खडा ठेवला. "आधी हे खा. उपास माय बघून घेईल." मी गूळ खाल्ला. ती पुन्हा कुटायला लागली. खलबत्त्याचा तो आवाज, पानांचा ओला वास, आजूबाजूला काहीच न दिसणारं धुकं. कितीतरी महिन्यांत मी अशी कुणाच्या ताब्यात बसले नव्हते. मी म्हणाले, "आजी, बरं झालं तुम्ही हाक मारली. नाहीतर पायरीवरून कोसळलेच असते." म्हातारीचा हात थांबला. "म्या कधी हाक मारली? म्या तर खाली मुंडी घालून कुटून राहिले हुते. तूच येऊन बसलीस नं."

हाक कुणाची होती ते मला आजही ठाऊक नाही. ऐकलं ते मात्र ऐकलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ताडपत्रीच्या मागच्या कोपऱ्यात तिची सून भिंतीला टेकून बसली आहे. ज्योती तिचं नाव. दिवस भरत आलेले, डोळे मिटलेले, कपाळाला पदर घट्ट बांधलेला. "डोकं धरलंय तिचं सकाळधरनं," आजी म्हणाली. "धुक्याचं आसंल." मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पापण्या सुजल्या होत्या. विचार करायच्या आधीच माझा हात तिच्या नडगीवर गेला होता. बोट दाबून उचललं तर खड्डा तसाच राहिला. मी विचारलं, "डोळ्यांपुढे काही चमकतं का गं?" ती डोळे न उघडताच म्हणाली, "काजवे दिसून राहिले मावशी. अन् हितं दुखतंय," तिने छातीखाली हात ठेवला.

माझ्याजवळ काही नव्हतं. रक्तदाबाचं यंत्र नव्हतं, ठोके ऐकायचं नळकांडं नव्हतं, बोलवायला डॉक्टर नव्हते. मी म्हणाले, "आजी, कुटणं जरा थांबवा." आणि लुगड्यावरूनच तिच्या पोटाला कान लावला. पहिले काही क्षण मला फक्त माझीच धडधड ऐकू येत होती. मी मनात म्हणाले, माय, मला नाही ऐकू येत, तू ऐक. एवढंच म्हटल्यावर अंगातलं काहीतरी सैल झालं. आणि त्या पांढऱ्या शांततेच्या तळातून, खूप लांबून कुणी घाईघाईने चालत यावं तसे ठोके आले. स्पष्ट, एकसारखे. मी ते एकदाच ऐकले. पुन्हा ऐकायची गरज वाटली नाही.

पुढचं सगळं सरळ झालं. मी आजीला सांगितलं की पोरीचा रक्तदाब फार वाढला असावा, झटका येऊ शकतो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं. ती म्हणाली, "सिस्टर हाव का तुम्ही?" मी "हो" म्हणाले, आणि तो शब्द कितीतरी दिवसांनी न अडखळता तोंडातून आला. दर्शन घेऊन उतरणाऱ्या एका कुटुंबाने हातांची खुर्ची करून तिला खाली आणलं, त्यांच्याच जीपमधून आम्ही ग्रामीण रुग्णालयात पोचलो. रक्तदाब पाहून तिथल्या डॉक्टरांनी क्षणभरही दवडला नाही. झटक्यावरचं इंजेक्शन दिलं, रुग्णवाहिका बोलावली. किनवटपर्यंत मी तिच्या उशाशी बसून आले. दुपारी तिचं ऑपरेशन झालं. मुलगी झाली, छोटीशी, पण रडणारी. आजी बाहेर फरशीवर बसून होती. मी सांगितलं तेव्हा तिने माझे दोन्ही हात आपल्या तोंडावर दाबून धरले. तिच्या हातांना अजून पानाचा वास येत होता.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर आठवलं की दर्शन राहिलंच. अर्ध्या गडावरून मी परत आले होते आणि विचारायचं ते विचारलंच नव्हतं. पण विचारावंसं काही उरलं नव्हतं. मला वाटत होतं की ठोके मी ऐकते, बाळं मी आणते, म्हणून गेलेलं बाळही माझ्यामुळेच गेलं. कान माझे असतील, पण ऐकू येणं माझ्या हातातलं कधीच नव्हतं. आपण तिथे असायचं, कान लावायचा. त्यापुढचं ज्याचं त्याला सोपवायचं. हे इतक्या वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

सोमवारी मी लातूरला फोन केला. म्हणाले, येते, पण स्वतंत्र खोली नको. तुमच्या कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात मुलींना सोबत घेऊन काम करीन, वर्ग तिथेच भरेल. त्यांनी आठ दिवस विचार केला आणि होकार दिला. मग पर्समधला अर्ज मी इकडे देऊन टाकला. ह्यांना सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "आता पळणं नाही ते." चैत्रात आम्ही दोघं गडावर जाऊन आलो. आईसमोर उभी राहिले तेव्हा काही मागता आलं नाही, नुसती बघत राहिले.

आता आठवडाभर मी लातूरला असते, शनिवारी नांदेडला येते. परवा निलंग्याकडची एक विद्यार्थिनी, हुशार पण घाबरट, एका बाईच्या पोटाशी कान लावून बसली होती. मी सवयीने शेजारून माझाही हात ठेवला होता. ती कुजबुजली, "मॅडम, भीती कधी जाते?" मी म्हणाले, "माझी नाही गेली बाळा. तिला सोबत घेऊनच बसायचं." तिने डोळे मिटले. कान पोटावर तसाच ठेवून ती ठोके शोधत राहिली. मला सांगावंसं वाटत होतं, थोडं खाली, थोडं डावीकडे. मी सांगितलं नाही. मनात आईचं नाव घेतलं आणि हळूच माझा हात काढून घेतला. मग त्या मुलीचा चेहरा उजळत गेला.