चिंचोक्यांच्या पैशानं पुणं

माझं अक्षर म्हणजे कुत्र्यामांजराचे पाय, आणि ऱ्हस्वदीर्घाचं तर विचारूच नये. चौथीपर्यंत शिकले, त्यालाही आता पुष्कळ वर्षं लोटली. ही वही मी कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घालाव्यात.

तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांची असेन. सासर युसूफ वडगावचं, घरात किराणा दुकान. मुलूख निजामाचा. थोरली बहीण मात्र पुण्याला दिलेली, म्हणजे इंग्रजी मुलखात. आमच्या लेखी तो परदेशच. तिथलं सरकार वेगळं, आणि मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. तिथं गाठोडं सोडून दाखवल्याशिवाय पलीकडं जाता येत नसे. दिवाळीला माहेरी भेटली तेव्हा बहीण म्हणाली, "घरी शिवणाचं मशीन आलंय. उन्हाळाभर ये माझ्याकडं. झबलं, पोलकं, सगळं शिकवते."

ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. मला चारचौघांत बोलता येत नसे, अजूनही येत नाही. मशीनवर बसलेल्या बाईला बोलावं लागत नसेल, कापड पुढ्यात टाकून लोक निघून जात असतील, असं मला वाटे. शिवाय जायचं तर त्याच वर्षी. एकदा कडेवर मूल आलं की उन्हाळाभर कोण सोडतंय?

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारायला धीर होईपर्यंत संक्रांत आली.

"उन्हाळाभर?" त्या म्हणाल्या. "आन चिंचा कोन फोडंल? तुझी बहीन?"

"सगळ्या फोडून जाते."

"जा बाई. येताना मडमीन होऊन येऊ नगंस म्हंजे झालं."

मामंजींच्या कानावर त्यांनीच घातलं. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी दाराआड उभी राही, आणि मला काही सांगायचं असलं की मामंजी ते ओसरीच्या खांबाला सांगत. त्या दिवशीही खांबाकडं बघत म्हणाले, "जायचं त्यांनी जावं. चिंचांची गाडी बार्शीला जातीच, तितवर फुकट. म्होरल्या खर्चाला दुकानातला पैसा मिळायचा न्हाई."

माझ्याजवळ पैसा होता तो चिंचोक्यांचा. आमच्याकडं चिंच दुकानाची, पण फोडताना निघणारे चिंचोके घरच्या बायकांचे. घोंगड्या विणणारे ते घेऊन जात आणि त्यांची खळ करून घोंगडीला लावत. लग्न झाल्यापासूनचे ते पैसे मी गाडग्यात टाकत आले होते. त्या वर्षी तर अंगठा काळा पडेपर्यंत फोडत राहिले.

दुपारी सगळे आडवे झाले की मी माजघरात जमिनीवर चिंचोके मांडायची. एक चिंचोका म्हणजे एक आणा. एक ओळ बार्शीहून कुर्डुवाडीपर्यंतच्या छोट्या आगगाडीची, दुसरी पुण्याच्या मोठ्या गाडीची. हे मला पोचवून माघारी येणार, तेव्हा त्यांच्या परतीची आणखी एक ओळ. भाडं बहिणीनं सांगितलेलं होतं. खाण्याची ओळच मांडायची नाही, असं ठरवलं. धपाटे, कारळाची चटणी आणि गूळ-शेंगदाणे घरून न्यायचे. बार्शीत मठात उतरायचं, तिथं पैसा पडत नाही. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय आमच्यात तोंडात घास घालत नाहीत, म्हणून पूजेपुरता पाण्याचा तांब्या आणि भस्माचा गोळा बरोबर. ओळी मांडून झाल्या की मुठीत थोडे चिंचोके उरायचे. त्यात दोरे येतील, सुया येतील. असं कितीदा मांडलं असेल! मांडता मांडताच मी पुण्याला जाऊन यायची.

पाडवा झाला. पोती भरली. निघायच्या आदल्या दिवशी मी पैशांची पिशवी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती बाजेवर उपडी केली आणि माझ्याकडं बघतच राहिले.

"हे तर समदे हाली हायत की गं!"

"मग?"

"मग काय? नाक्याच्या पल्याड निजामाचा रुपया चालत न्हाई. तिकडं इंग्रजाचं कलदार लागतंय. सात हाली दिले तर सहा कलदार हातात येतील, वर सराफाचा बट्टा."

बहिणीनं भाडं कलदारात सांगितलं होतं आणि मी ते हालीत मांडत बसले होते. मी कधी हद्द ओलांडली नव्हती. रुपया म्हणजे रुपया, एवढंच मला ठाऊक.

"कावून न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"तू कावून न्हाई विचारलंस? मला वाटलं, मोजलेस ते कलदारच."

बट्टा धरून पुन्हा चिंचोके मांडले. ह्यांच्या परतीची ओळ सगळीच गेली.

"ऱ्हातो मी बी तितंच," हे म्हणाले. "गुंड्या लावायला शिकतो."

मला हसू आलं नाही. पोती गाडीवर चढलेली, धपाट्यांचं पीठ मळलेलं. आता राहिलं ते कायमचंच राहिलं, असं वाटून मी चुलीकडं तोंड फिरवून बसले.

ओसरीवरून मामंजींचा आवाज आला. "चार कलदार हायत माज्याकडं. घेनाऱ्यानं घ्यावेत. पर फुकट न्हाई, उसने. आन कलदार घेतले तर कलदारच परत द्यायचे."

"खांबाला काय सांगताव?" आत्याबाई म्हणाल्या. "तो चाललाय व्हय पुण्याला? पोरगी दाराआड हाय."

मामंजींनी रुपये खांबाच्या बुडाशी ठेवले आणि दुकानात गेले. मी ते पदरात बांधले.

नाक्यावरच्या शिपायानं गाठोडं सोडलं, चटणीचा वास घेतला आणि "झकास!" म्हणत पुन्हा बांधून दिलं. पुण्यातला तो उन्हाळा लिहायला वेगळी वही लागेल. पहिले काही दिवस नुसते दोरे तोडले. मृग लागायच्या आत परतले तेव्हा झबली आणि पोलकी बेतायला येत होती. आणि मशीनवर बसलेल्या बाईला बोलावं लागत नाही, हे साफ खोटं होतं. येणारी प्रत्येक बाई बाही, गळा, सासू, सगळं सांगूनच उठायची.

घरी मशीन कुठलं? हातानंच शिवू लागले. झबली दुकानात टांगली, तर तान्ह्या पोरांच्या आया घेऊन जाऊ लागल्या. पैसे यायचे ते हालीच. पुरेसे जमले की हे बार्शीच्या फेरीत बट्टा देऊन एक कलदार करून आणत, आणि मी तो खांबाच्या बुडाशी ठेवून आत पळे. चौथा कलदार व्हायला पुढची दिवाळी उजाडली.

तो ठेवला तेव्हा मामंजी ओसरीवरच होते. त्यांनी रुपया उचलला, नखावर उडवून फरशीवर वाजवला, कान देऊन ऐकला. मग खांबाकडं न बघता दाराकडं बघितलं.

"पोरी, फिटले बघ समदे."

"व्हय, मामंजी," मी म्हणाले.