मागचं चाक

"आलं."

एवढंच म्हणायची ती. दर रविवारी सकाळी, नव्या रायपूरच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीसमोर. टपरीला वीतभर उंचीचा सिमेंटचा ओटा होता. आम्ही बाकीचे सायकलवाले शहाण्या माणसांसारखे ओट्याला वळसा घालून निघायचो. ताई मात्र सायकल उचलून ओट्यावर चढवायची, सीटवर न बसता दोन्ही पेडलांवर उभी राहायची आणि सरळ खाली उतरायची. पुढचं चाक अलगद उतरायचं, मागचं धप्पकन आपटायचं. मग ती ब्रेक दाबून क्षणभर थांबायची, आतून कोणी हाक मारेल तशी मान तिरकी करून. आणि म्हणायची, "आलं. वरपर्यंत आलं."

टपरीवाला ओटा फुटेल म्हणून आतून ओरडायचा, "दीदी, मोर चौंरा टूट जाही!" आणि आमच्यातले सेठ, ज्यांचं सदर बाजारात सोन्याचं दुकान आहे, ते विचारायचे, "हवा बराबर है, दीदी?"

"बराबर," ताई म्हणायची, आणि आम्ही निघायचो.

ती टायरमधली हवा तपासते असं आमचं सगळ्यांचं ठाम मत होतं. सेठचं आजही तेच मत आहे. ते मराठी वाचत नाहीत, म्हणून तर मी हे लिहायला बसलो. ताईची परवानगी घेतली आहे. "लिही, पण नाव नोको टाकू," एवढीच तिची अट.

मी मूळचा नाशिकचा, नोकरीपायी रायपुरात आलेला. पहिले काही आठवडे मी तिला अहो-जाहो करत होतो. एकदा चढावर माझ्या शेजारून पुढे जाता जाता तिनं ते बंद केलं. "मले तू म्हण बापा. अहो म्हटलं की सायकलवर बसल्या-बसल्या ऑफिसात गेल्यासारखं वाटते." ती रेल्वेच्या कार्यालयात कारकून होती. वय चाळिशीच्या पलीकडे. तात्यापाऱ्यात, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत, एका दुकानाच्या वर दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील राहायचे.

तुमच्यापैकी ज्यांना सायकलचं खूळ नाही त्यांना आमचं भांडण समजावून सांगायला हवं. डोंगरात, जंगलात पळवायच्या सायकली दोन जातींच्या. हार्डटेलला शॉकअप फक्त पुढे. मागची बाजू कोरी, लागेल तो दणका थेट तुमच्या अंगात. फुल सस्पेन्शनला मागेही शॉकअप. क्रॉस-कंट्रीच्या शर्यतीत चढही असतो आणि उतारही, म्हणून पंचाईत. हार्डटेल हलकी, चढावर पायातला जोर वाया जात नाही. फुल जरा जड, पण उतारावर दगडधोंडे गिळून टाकते आणि कंबर वाचवते. यावर माणसं जेवणं थंड करतात. मी फुलच्या पक्षाचा होतो आणि नव्यानं माळकरी झालेल्या माणसासारखा माझा उत्साह उतू जात होता.

त्यात ताईचं उदाहरण डोळ्यांसमोर. राज्याच्या निवड शर्यतीत ती दर वेळी दुसरी यायची. मुरमाच्या जुन्या खाणीतला तो ट्रॅक. चढ सगळा तिचा. निम्म्या वयाच्या पोरी मागे धापा टाकत राहायच्या. आणि उतार लागला की दुर्गची एक पोरगी फुलवरून सुसाट येऊन तिच्या पुढे निघून जायची. ताईची हार्डटेल त्या दगडांवरून कढईतल्या लाह्यांसारखी उडायची. पहिली येणारी राष्ट्रीय स्पर्धेला जाते, तिला राज्याची जर्सी मिळते. ताईला ती जर्सी हवी होती. हे ती लपवायची नाही. "एकदा अंगात घालायची आहे. मंग भलेही भांडी घासीन ती घालून."

"मग फुल घे ना!" मी म्हणायचो.

"काहून?"

"उतार तुझा होईल."

"माह्या उताराची तुले काहून इतकी काळजी लागून राहिली?" असं म्हणून ती पोह्यांवर शेव टाकून घ्यायची. सेठ स्वतःची सायकल द्यायला तयार होते. ती हसून नको म्हणायची. आम्हाला वाटायचं, हट्टी आहे. जुन्या वस्तूंवर जीव टाकणारी माणसं असतात, त्यातली.

शेवटी मी हार्डटेल विरुद्ध फुल यावरची होती नव्हती तेवढी माहिती छापून घेतली आणि भेंडोळं घेऊन तिच्या घरी थडकलो.

जिना अरुंद होता. वरच्या दाराशी खुर्ची टाकून तिचे बाबा बसले होते. त्यांनी हसून "या" म्हटलं. तेवढ्यात ताई आतून आली, माझ्याकडे न बघता आधी त्यांच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, डावी."

"हो का?" बाबा म्हणाले. त्यांनी खाली वाकून बघितलं. डाव्या पायातली चप्पल गळून पायरीवर पडली होती. हातानं उचलून त्यांनी ती पायात घातली, पट्टा आवळला.

मी बसलो होतो तेवढ्यात आणखी दोनदा असंच झालं. एकदा खालचा दुकानदार गोणी घेऊन जाता जाता ओरडला, "काकाजी, दाहिनी!" बाबा तितक्याच शांतपणे म्हणाले, "हो का?" अख्ख्या गल्लीला ती सवय होती. तात्यापाऱ्यात त्या जिन्याखालून जाणारा माणूस रामराम नंतर करायचा, आधी बाबांचे पाय बघायचा. मला गंमत वाटली. मी हसलोदेखील.

ताईनं पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि आवाज खाली आणला. "त्यायले पाय कळत नाहीत. एकदा मे महिन्यात अनवाणी गच्चीवर गेले, पापड उलटवाले. खाली आले तं तळव्याले फोड. आम्ही सांगितलं तवा त्यायले समजलं."

"साखर आहे का?"

"साखर नाही. आमच्या घरात येते हे. आजीले होतं, आत्याले होतं. बाबाले चाळिशीनंतर चालू झालं." तिनं दाराकडे बघून घेतलं. "मले बी चालू झालं म्हणतात. करंट लावून तपासलं. हळूहळू जाते, म्हणे. औषध नाही. जिवाले धोका नाही, फक्त पायाले जपा."

मी बशी खाली ठेवली.

"डॉक्टर वर्षातून एकदा पाहते. मी दर रविवारी पाहून राहिली. ओट्यावरून उतरली की धक्का पेडलमधून तळपायात येते, तिथून वर. आला, म्हणजे आठवडाभर चिंता नाही." मग तिनं माझ्या मांडीवरच्या भेंडोळ्याकडे बोट केलं. "आता सांग. फुल घेतली आणि धक्का नाही आला, तं मले कसं कळंन? गाडीनं खाल्ला, का माह्या पायानं?"

एवढ्या वर्षांच्या वादात असा मुद्दा मी ऐकला नव्हता. मी कागद पिशवीत कोंबले.

"कोणाले सांगजो नोको," ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली. "नाहीतर माह्या पायाकडेच पाहत राहतीन सगळे." खाली उतरताना मी बाबांचे पाय बघितले. दोन्ही चपला जागेवर होत्या.

त्यानंतर मी फुलचं नाव काढलं नाही. सेठ चकित झाले. "क्या भैया, पार्टी बदल ली?" मी म्हटलं, चढाचं महत्त्व पटलं. ताई पोह्यांत तोंड घालून हसली. पण माझा रविवार मात्र नासला. सायकल चालवायचा आनंद गेला. ती पेडलवर उभी राहिली की मी दुसरीकडे बघायचो आणि कान तिकडे लावायचो. "आलं" ऐकलं की मला चहा गोड लागायचा.

मग "आलं"च्या आधीचं थांबणं लांबत गेलं. नंतर "आलं वाटते" झालं. एका रविवारी ती दोनदा ओटा उतरली. टपरीवाला ओरडला, सेठ म्हणाले, "हवा कम है क्या?" ती म्हणाली, "बराबर आहे, बराबर आहे," आणि कोणाची वाट न बघता पुढे निघून गेली. आमचे बूट पेडलमध्ये अडकतात, अडकताना टक असा आवाज होतो. आता ती बूट अडकवताना खाली वाकून बघायला लागली. पूर्वी ती बोलता बोलता अडकवायची. मला हे सगळं दिसत होतं आणि मी कोणाला सांगू शकत नव्हतो. तिलाही नाही. तिला काय सांगणार होतो, तिनं आधीच मोजलेलं?

थंडीच्या दिवसांत खाणीतून एक फेरी मारून आम्ही झाडाखाली टेकलो. सेठ आणि बाकीचे पाणी भरायला गेले होते. ताईनं पाय लांब केले, बूट काढले आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. तिचा डावा मोजा टाचेपाशी लाल झाला होता. बुटात मुरमाचा अणकुचीदार खडा होता, सुपारीएवढा. सबंध फेरीभर तो तिच्या टाचेखाली होता. ती मजेत होती, चढावर त्या दिवशी तिनं कोणाला कसं मागे टाकलं ते सांगत होती.

दुसरं काय म्हणावं ते मला सुचलं नाही. मी म्हणालो, "ताई, डावी."

ती बोलायची थांबली. माझ्याकडे बघितलं, मग पायाकडे.

"हो का?" ती म्हणाली.

बाटलीतलं उरलेलं पाणी तिनं टाचेवर ओतलं. मी रुमाल दिला. तो तिनं घट्ट बांधला, वर मोजा चढवला, बूट चढवला. खडा उचलून बराच वेळ हातात धरला आणि मग शेजारच्या झुडपात फेकला. सेठ पाणी घेऊन आले तेव्हा ती त्यांना विचारत होती, "सेठ, आपकी वाली कंपनी की फुल कितने दिन में आ जाती है?"

सेठना झालेला आनंद मी काय वर्णावा! सायकल आली त्या रविवारी त्यांनी टपरीवर पेढे आणले. हँडलला झेंडूचा हार, फ्रेमवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या चाकासमोर नारळ. इकडे नवी गाडी आली की करतात ते सगळं. "देर आए दुरुस्त आए!" म्हणत त्यांनी प्रत्येकाच्या तोंडात स्वतः पेढा घातला, माझ्या तर दोन. सगळे टाळ्या वाजवत होते. शेवटी एकदा ताई सुधारली, असा त्या टाळ्यांचा अर्थ होता.

"दीदी, एक बार चौंरे से!" सेठ म्हणाले.

ती ओट्यावर चढली. पेडलवर उभी राहिली. उतरली. धप्प झालंच नाही. मागचा शॉकअप भस्सकन दबला आणि परत वर आला. ती नेहमीसारखी थांबली, मान तिरकी केली.

"आलं!" ती मोठ्यानं म्हणाली. पूर्वी कधी ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली नव्हती. सगळे हसले. ती माझ्याकडे बघत होती. मीही हसलो. खोटं हसणं इतकं जड असतं, हे मला त्या सकाळी कळलं.

निवड शर्यत ती जिंकली. दुर्गच्या पोरीला तिनं चढावर मागे टाकलं आणि उतारावर पुढे येऊ दिलं नाही. तिला इतक्या वेगानं खाली येताना मी कधी बघितलं नव्हतं. लोक ओरडत होते, मी तिच्या पायांकडे बघत होतो, पेडलवर आहेत ना, आहेत ना. जिंकल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "उताराची भीती तळपायातून वर येते बे. आता येतच नाही." आणि रडली. सेठना वाटलं, आनंदाचं रडणं आहे. त्यांनीही डोळे पुसले.

राष्ट्रीय स्पर्धेला ती गेली नाही. सगळ्यांना सांगितलं, रजा मंजूर झाली नाही. मला सांगितलं, "तिथचे उतार मोठे. पाय निसटला तं मले पडल्यावरच कळंन. मागून पोरी येऊन राहतीन, त्यायच्या अंगावर जाईन मी." तिच्या जागी दुर्गची पोरगी गेली. जर्सी मात्र ताईनं परत केली नाही. एकदा मी गेलो तर ती जर्सी घालून खरोखर भांडी घासत होती.

पुढे तिनं नागपूरला बदली मागून घेतली. तिथं बहिणीच्या शेजारी तळमजल्यावर घर मिळालं, बाबांना जिना नको आणि तिलाही. फुल सेठनी मनातल्या मनात चरफडत विकून दिली. हार्डटेल तिनं माझ्या दारात आणून उभी केली. "तुले फुल पाहिजे, मालूम आहे मले. पण ही ठेव." जाताना तिनं पायात काय घातलं होतं ते मी बघितलं. पट्ट्याचे सँडल, दोन्ही पट्टे आवळून बांधलेले.

पुढच्या रविवारी मी ती सायकल उचलून टपरीच्या ओट्यावर चढवली. का, ते मला सांगता येणार नाही. पेडलवर उभा राहिलो आणि उतरलो. मागचं चाक धप्पकन आपटलं. धक्का तळपायातून पोटरीत, गुडघ्यात, कमरेत, पार दाढांपर्यंत आला. इतकं सगळं तिला कधीकाळी कळत होतं. मी ब्रेक दाबून तसाच उभा राहिलो, मला पुढचं काही दिसेना.

"हवा बराबर है, भैया?" मागून सेठनी विचारलं.

"बराबर," मी म्हणालो.