थंड पायाला शेक

बारा फेब्रुवारी. सकाळी रोबोच्या हातावर निर्जंतुक प्लास्टिकचं कव्हर चढवत होते. बेळगावच्या एका हॉस्पिटलात मी कॅथलॅबची सिस्टर आहे. पाय न फाडता, जांघेत टोचून आत बारीक तार घालायची आणि बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायची, हे आमचं काम. पूर्वी डॉक्टर तार हातानं सरकवायचे. आता ते काचेआड बसून जॉयस्टिक फिरवतात, टेबलाजवळचा रोबो तार पुढं नेतो.

टेबलावर शंकरआप्पा. हयात निपाणीच्या तंबाखू वखारीत गेलेली, विडी सुटलेली नव्हती. डावा पाय बँडेजमध्ये. यात पेशंट जागाच असतो.

"डॉक्टर कुठं गेलं?"

"काचेमागं आहेत. तार हा रोबो घालणार."

"बरं हाय. ह्यो विडी तरी मागणार न्हाय."

आधी फुगा, मग स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळी. स्क्रीनवर रक्त पोटरीखाली उतरताना दिसलं.

"आयतु, सिस्टर," डॉक्टर कानडीत म्हणाले. झालं.

मग बाहेर येऊन त्यांनी बँडेज सोडायला लावलं. टाच हाडापर्यंत काळी होती. "पाऊल गेलंय. आता रक्त आलंय, गुडघा वाचेल," एवढंच म्हणाले.

"आप्पा, हे भाजल्यासारखं कशानं?" मी विचारलं.

"पाय गार पडायचा. आमची मंडळी रोज वीट तापवून शेकायची. मला कायबी कळायचं न्हाय." ते छताकडं बघत होते. "लई मायेनं केलं तिनं. तिला सांगू नगा."

रक्त न पोचणाऱ्या पायाला चटका कळत नाही. ऊब म्हणून दिलेला शेक कातडी जाळत जातो.

बाहेर बाकावर पारूआक्का, आप्पांची बायको.

"रगात चालू झालं न्हवं?"

"झालं."

"मग पाय का काढाय लागलाय?"

"नस लई दिवस बंद होती, आक्का."

"मी रोज शेकत हुते की."

"व्हय."

त्यांनी पिशवीतून लोकरीचे मोजे काढले. मी एकच घेतला. संध्याकाळी गुडघ्याखाली पाय काढायच्या कागदावर आक्कांनी अंगठा दिला.

रोबो तार मिलिमीटर मोजून नेतो. पेशंट आमच्यापर्यंत येण्याआधी घरी काय झालं, ते विचारणं माणसाचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत बेळगुंदीच्या एका म्हातारीचा पाय हातात घेतला. गार होता. दारातून बाकाकडं बघितलं. आक्का चहाला गेल्या होत्या. मग म्हातारीच्या सुनेला विचारलं, "ह्याला शेक देताय काय?"

"देतो की, रोज."

"आजपासून न्हाय."